सांगलीचं ऊन, समुद्राचं ऊन

या वेळची पत्रं वाचली आणि वाटलं, अख्खा सांगली जिल्हा मे महिन्यात कोकणात उतरणार. आठ महिन्यांच्या नातवापासून तीन वर्षांच्या लेकापर्यंत सगळ्यांना समुद्र दाखवायचाय, आणि तोही नेमका वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या पंधरवड्यात. शाळेला सुट्टी तेव्हाच, ऑफिसात रजा तेव्हाच. त्यामुळं 'डिसेंबरात जा की' हे मी मनातल्या मनात म्हणते आणि पुढचं पाकीट फोडते. बाकीच्या विषयांची पत्रं पुढच्या अंकात घेईन.

प्रश्न : मॅडम, आमची मुलगी दीड वर्षाची आहे. तिच्या वेळेला सासऱ्यांनी गणपतीपुळ्याला नवस बोलला होता, तो फेडायला मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन गाड्या करून आम्ही अकराजण निघतोय. इथंच चाळीस अंश ऊन आहे, माझा तर जीव घाबरतो. सासूबाई म्हणतात, 'तिकडं समुद्राचा वारा असतो, इथल्यापेक्षा बरंच.' हे म्हणतात, मोबाईलवर रत्नागिरी ३४ दाखवतंय, म्हणजे सांगलीपेक्षा सहानं कमी. तिला न्यावं का? नेलं तर काय जपावं?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : न्या की. नवस आहे, अकरा माणसं निघाली आहेत, आणि दीड वर्षाचं पोर पहिल्यांदा समुद्र बघतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण तुमच्या घरात दोघंजण ज्या दोन गोष्टींवर भिस्त ठेवून निर्धास्त आहेत, तो वारा आणि तो ३४चा आकडा, त्या दोन्ही मला आधी काढून घ्यायच्या आहेत.

आकड्याचं आधी बोलू. आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो न येतो तोच वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठ गार होतो तो याच कारणानं. रत्नागिरीकडं मे महिन्यात कुणाच्या घरी माठातलं पाणी पिऊन बघा, सांगलीतल्याइतकं गार लागणार नाही. हवेतच एवढी वाफ भरलेली असते की माठाला पाझरून वाळायला जागाच उरत नाही. बाळाच्या अंगाचंही तेच होतं. घाम नुसता वाहतो, झबलं पाठीला चिकटतं, अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं, पण गारवा मिळत नाही. म्हणून तिथले ३४ अंश अंगाला आपल्या चाळिशीसारखे भासतात, कधी त्याहून वाईट. हवामान खात्याचा हिशोबही तसाच आहे. सपाट प्रदेशात पारा निदान ४० अंशांवर गेल्याशिवाय ते उष्णतेची लाट म्हणत नाहीत; किनाऱ्यावर मात्र तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेलं असलं की ३७ अंश पुरतात. आणि सांगलीत निदान रात्री गच्चीवर बरं वाटतं. तिकडं रात्रीही अंग चिकचिकतं, त्यामुळं दिवसभर तापलेल्या पोराला रात्री निवायला सवड मिळत नाही.

त्यात ही दीड वर्षाची. वजनाच्या मानानं लहान मुलांच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असतं, त्यामुळं बाहेरची उष्णता ती पटकन ओढून घेतात. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि 'आई, मला गरगरतंय' असं काही ती सांगणार नाही. ती किरकिर करेल, आणि अकरा माणसांच्या गोंगाटात कुणीतरी म्हणेल, 'झोप आलीय तिला.'

आता वारा. वाऱ्यानं बरं वाटतं, यात शंका नाही. पण तो ऊन कमी करत नाही, उन्हाची जाणीव कमी करतो. कातडी भाजते ती अतिनील किरणांनी, आणि त्यांना गार वाऱ्याशी काही देणंघेणं नाही. समुद्रावर हे किरण वरूनही येतात आणि खालूनही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे छत्रीखाली बसवलेल्या पोराचे गालसुद्धा लाल होऊ शकतात. पातळ ढगांचाही फार आडोसा धरू नका.

म्हणून मी म्हणते, मोबाईलवरचं तापमान बघणं सोडा आणि घड्याळ बघा. मेमध्ये तिकडं सहाच्या सुमाराला उजाडतं आणि सातला सूर्य बुडतो. पोरीचा समुद्र सकाळी उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधला सगळा वेळ खोलीत, पंख्याखाली, अंगात पातळ सुती झबलं, दुपारी एकदा साध्या पाण्यानं अंघोळ आणि झोप. मोठ्यांना दुपारी बाराला वाळूत क्रिकेट खेळायचं असेल तर खुशाल खेळू देत. पोरीजवळ खोलीत कोण थांबणार, याची पाळी मात्र सांगलीतच ठरवा. नाहीतर ती पाळी आपोआप तुमच्यावर येते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडची माणसं फसतात ती पहिल्याच दिवशी. पहाटे पाचला निघायचं, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत दहा-साडेदहाला पुळ्यात हजर. खोली मिळणार बाराला. मग काय करायचं? सामान गाडीत आणि सगळे थेट किनाऱ्यावर. दिवसातले सगळ्यात वाईट दीड-दोन तास पोर वाळूत! गाडीला एसी असेल तर दुपारचं जेवून निघा, संध्याकाळी पोचा, खोली तयार असेल. एसी नसेल तर पहाटेच निघा, पण लॉजवाल्याला आधी फोन करून सकाळची खोली मागून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. साखरप्याच्या पुढं एकदा काच खाली करून बघा, हवा गालाला चिकटल्यासारखी लागते. तिथून पुढं तुमचा सांगलीचा अंदाज चालत नाही.

नवसाचं दर्शन सकाळी पहिल्या तासात उरका. पुळ्याला प्रदक्षिणा नुसत्या गाभाऱ्याला नसते, अख्ख्या टेकडीला असते, साधारण एक किलोमीटरची. ती अनवाणी, पोर काखेत घेऊन, सकाळी अकराला घालणारी माणसं असतात. फरशी आणि दगड तोवर असे तापतात की मोठी माणसं उड्या मारत चालतात. सासऱ्यांना घालू दे प्रदक्षिणा. नात त्यांच्यासोबत हवीच असेल तर सात वाजता. पोरीला खाली सोडण्याआधी तुमच्या हाताची मागची बाजू वाळूवर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर तिच्या तळव्यांना अजिबात सोसणार नाही.

कपड्यांचं सांगते. पूर्ण बाह्यांचं, सैल, सुती. भिजलं की लगेच बदलायचं, कारण ओल्या सुती कपड्यातून किरण जास्त आत येतात. टोपी रुंद काठाची, मानेवर सावली पडेल अशी. आणि सासूबाईंची कानटोपी घरीच राहू दे. 'वारा लागेल' म्हणून समुद्रकिनारी कानटोपी घातलेली बाळं मी डोळ्यांनी बघितली आहेत. डोक्यावाटेही अंगातली उष्णता बाहेर जाते, ती वाटही बंद. दीड वर्षाला सनस्क्रीन लावायला हरकत नाही. एसपीएफ ३० किंवा वरचं, झिंक ऑक्साईडचं मिळालं तर बरं. कपड्याबाहेर राहणाऱ्या भागाला, त्यातही कान, मान आणि पावलांची वरची बाजू, जी सगळे विसरतात. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. निघायच्या आधी तेलानं मालीश नको. तेल लावून उन्हात नेण्यात काही हशील नाही.

राहिलं पाणी, म्हणजे समुद्र. गणपतीपुळ्याचा समुद्र खेळकर नाही. पाण्याला ओढ आहे, पोहणारे बुडाले आहेत, तसे फलकही लावलेले आहेत. तुमच्या पोरीला ओल्या वाळूच्या पुढं काही नको. त्यातही लाट येते तिथं नाही, लाट येऊन गेली तिथं. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तो हिशोब शिकून घ्या, फार सोपा आहे. तिथीला पाऊणपट करायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि ओहोटी सकाळी-रात्री नऊच्या आसपास. त्या दिवशी सकाळी सातला पाणी मागं सरकत असतं, पोराला घेऊन बसायला उत्तम. अष्टमीला मात्र आठचे पाऊणपट सहा, म्हणजे तुम्ही किनाऱ्यावर जाल नेमकी तेव्हा भरती. मग वर कोरड्या वाळूतच बसायचं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. घरातल्या कॅलेंडरवर तिथी असतेच; निघायच्या आधी एक नजर टाका.

माझी आवडती युक्ती अशी. घरून एक प्लॅस्टिकचं घमेलं न्या. सावलीत ठेवा, त्यात समुद्राचं पाणी वीतभरसुद्धा नको, चार बोटं ओता. बरोबर एक वाटी आणि चमचा. दीड वर्षाच्या मुलाला एवढा समुद्र पुरतो. खरं तर हाच जास्त आवडतो, कारण तो अंगावर धावून येत नाही. सावली नारळाची धरणार असाल तर आधी वर बघा, नारळ पडतात. खेळ संपला की घमेलं ताबडतोब पालथं घाला. एवढं लहान मूल चार बोटं पाण्यातही तोंडावर पडून बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. हात लांब केला की लागेल एवढ्या अंतरावर एक माणूस हवा, आणि तो नाव घेऊन ठरवलेला हवा. 'आता वीस मिनिटं आत्या बघणार.' अकराजण बघतायत, याचा अर्थ कुणीच बघत नाही. आणि ज्याची पाळी, त्याच्या हातात मोबाईल नाही. फोटो दुसऱ्यानं काढावेत.

पाणी प्यायला ती मागेल याची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट द्या. अंगावरचं दूध चालू असेल तर तेही जास्त वेळा. पुरेसं जातंय की नाही, ते लघवीवरून कळतं. सहा तास लंगोट कोरडा राहिला, किंवा लघवी गर्द पिवळी झाली, की फिरणं बंद आणि पाजणं सुरू.

प्रश्न : माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. गाडीत झोपला आणि मधेच उठवला तर तासभर रडतो. म्हणून चहा-नाष्ट्याला थांबलो की काच थोडी खाली ठेवून त्याला आतच झोपू देतो. गाडी आम्हाला समोर दिसत असते. हे चालेल ना? बायको रागावते. शिवाय घाटात त्याला उलटी होते, अव्होमिनची अर्धी गोळी देऊ का?
— एक वडील, तासगाव

उत्तर : नाही चालणार. बायको बरोबर आहे.

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं, अर्ध्या तासात वीसच्या जवळ जातं. काच चार बोटं खाली ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. बाहेर ३५ असेल तर मिसळ येऊन संपेपर्यंत आत ५०. गाडी दिसते म्हणता, पण तुम्हाला दिसतो तो पत्रा. आतलं पोर दिसत नाही. एसी चालू ठेवून इंजिन सुरू ठेवणारेही असतात. इंजिन बंद पडू शकतं, पोर उठून लॉकचं बटण दाबू शकतं, गिअरशी खेळू शकतं. चहाच्या टेबलावर रडणारं पोर परवडलं. आणि एक चहा पाळीपाळीनं घेतला तर काय बिघडतं? एकानं खांद्यावर घेऊन सावलीत उभं राहावं.

विषय निघालाच आहे तर हेही ऐका. पोर पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसायची आपल्याकडं सर्रास पद्धत आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. दंड गेला खड्ड्यात. गाडी करकचून थांबली तर मांडीवरचं मूल तुमच्या हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलंत तरी. मुलांची सीट घ्या, मागं बसवा. उन्हात उभी असलेली गाडी उघडल्यावर तिच्या पट्ट्याचं बक्कल आधी स्वतःच्या हाताला लावून बघा, चटका बसण्याइतकं तापलेलं असतं.

उलटीचं. त्या गोळीत प्रोमेथाझिन असतं. दोन वर्षांखाली ते द्यायचंच नाही, त्यानं श्वास मंदावू शकतो. तुमचा मुलगा दोनच्या पुढं आहे, पण अर्धी गोळी की पाव, हे वजनावर ठरतं, अंदाजावर नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शिवाय या औषधानं गुंगी येते आणि घाम कमी होतो, म्हणजे नेमक्या उन्हाच्या प्रवासात नको ते दोन्ही. त्यापेक्षा घाटाच्या आधी तासभर पोट भरून खाऊ घालू नका, अगदी रिकामंही ठेवू नका. थोडा मऊ भात किंवा केळं पुरे. हातातला मोबाईल काढून घ्या. वळणावर स्क्रीनकडं बघत बसलेलं पोर हमखास ओकतं. आंबा गावात दहा मिनिटं थांबा, तोंड धुवा, मग घाट उतरा. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक जादा टॉवेल हाताशी असू दे, डिकीत नाही.

प्रश्न : डॉक्टर, नातू आठ महिन्यांचा आहे. मुलगा-सून त्याला घेऊन गुहागरला निघालेत. मी म्हटलं, आधीपासूनच मीठ-साखरेचं पाणी नाहीतर ग्लुकोज चालू करा, म्हणजे ऊन बाधणार नाही. सून म्हणते, शहाळं देते. खरं कुणाचं?
— एक आजी, मिरज

उत्तर : आजी, दोघींचं अर्धं-अर्धं. आठ महिन्यांच्या बाळाचं उन्हाळ्यातलं पहिलं पेय आईचं दूध. ते रोजच्यापेक्षा जास्त वेळा द्यायचं, आणि त्यासाठी सुनेनं स्वतः भरपूर पाणी प्यायचं. तिच्या हातात तांब्या ठेवायचं काम तुमचं. वरचं खाणं सुरू झालेलं असेल, तर उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं अधूनमधून.

शहाळ्याचं पाणी दोन-चार चमचे दिलं तर बिघडत नाही, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि मीठ थोडं असतं, त्यामुळं जुलाब-उलटीत ते ओआरएसच्या, म्हणजे पुडीतल्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या, जागी चालत नाही. ग्लुकोज पावडर म्हणजे निव्वळ साखर, ती नकोच. आणि ओआरएस हे औषध आहे, सरबत नाही. बाळ हसतंखेळतं असताना 'बाधू नये म्हणून' पाजायचं नसतं. पण पुड्या सामानात हव्यातच, कारण परगावच्या पाण्यानं जुलाब लागायला एक दुपार पुरते.

पुडीचं एक सांगते, कारण हे दर उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात घडतं. आईनं पर्समधून पुडी काढायची, अर्धी वापरलेली, तोंड दुमडून वर रबर लावलेलं. 'थोडीशी पेलाभर पाण्यात टाकली, मॅडम.' थोडीशी म्हणजे किती? मीठ जास्त झालं तर बाळाला ते पाणी जुलाबापेक्षा वाईट. मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते, ती अख्खी एक लिटर पाण्यात. कमी नाही, जास्त नाही. निघताना लिटरची एक बाटली त्यासाठीच वेगळी ठेवा. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा पोह्याचा नव्हे, चहाचा. करून झालं की आधी तुम्ही चव घ्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून द्या. जुलाब झाला की दर वेळी ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्यानं. दुकानात रंगीत खोक्यांतून मिळणारी गोड पेयं यासाठी चालत नाहीत. पुडीच मागायची, आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते सुनेला वाचायला सांगा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. बाळाला उन्हातून नेताना तोंडावरून दुपटं ओढून घ्यायची आपली सवय. आत काही मिनिटांत हवा कोंडून तापते आणि बाळ घामानं डबडबतं. छत्री धरा, दुपटं नको. आठ महिन्यांच्या बाळाला थेट उन्हात काही काम नाही. गुहागरला सुरूच्या बनाची सावली चांगली आहे, तिथं सतरंजी टाका, समुद्र तिथूनही दिसतो.

प्रश्न : मागच्या वर्षी समुद्रावरून खोलीवर आलो आणि मुलगी फणफणली. पॅरासिटामॉल दिलं, रात्री उतरला. ताप उन्हाचा की साधा, हे कसं ओळखायचं?
— एक आई, जत

उत्तर : औषधानं उतरला आणि मुलगी मधे पाणी पीत होती, ओळखत होती, म्हणजे बहुधा साधा ताप. उष्माघाताचा ताप पॅरासिटामॉलनं उतरत नाही, कारण तो जंतूंमुळं आलेला नसतो. अंगाची गार व्हायची यंत्रणाच बंद पडलेली असते. तिथं गोळीची वाट बघण्यात वेळ जातो.

उन्हानं दमलेलं मूल मलूल होतं, घामाघूम असतं, चेहरा उतरलेला, कधी एखादी उलटी. त्याला सावलीत घ्या, कपडे काढा, ओल्या फडक्यानं पुसा, थोडं थोडं पाणी पाजा. अर्ध्या तासात ते पुन्हा वाटी-चमच्याकडं हात करायला लागतं. असं झालं नाही तर डॉक्टर गाठा.

अंग भट्टीसारखं तापलं, ताप ४० अंशांवर (आपल्या जुन्या थर्मामीटरवर १०४), आणि मूल हाक मारली तरी नीट बघत नाही, डोळे फिरवतं, झटके येतात, उठवलं तरी उठत नाही. हा उष्माघात. अंग कोरडं असेल किंवा घामानं ओलंही असेल, त्यावर जाऊ नका, शुद्ध बघा. एकानं १०८ला फोन लावायचा, दुसऱ्यानं त्याच क्षणी गार करायला सुरुवात करायची. सगळे कपडे काढा, नळाचं साधं पाणी अंगभर ओता, पंखा नाहीतर पुठ्ठ्यानं वारा घाला, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी, साखर, लिंबू काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा तळव्यांना चोळायचा तर बिलकूल वेळ नाही, मग कुणीही सांगू दे. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत आणि गाडीत बसल्यावरही पाणी ओतणं आणि वारा घालणं थांबवू नका. आपली गाडी जवळ असेल आणि दवाखाना दहा मिनिटांवर असेल तर अॅम्ब्युलन्ससाठी थांबू नका.

मुक्कामी पोचल्यावर खोलीवाल्याला पहिल्यांदा वायफायचा पासवर्ड नाही, चोवीस तास उघडा असणारा जवळचा दवाखाना कुठं आहे ते विचारा.

प्रश्न : एवढं सगळं असेल तर समुद्र सोडून महाबळेश्वरला जावं का? मुलगा तीन वर्षांचा.
— एक वाचक, विटा

उत्तर : उकाड्याच्या बाबतीत फायदाच आहे, दुपारीसुद्धा पोर खेळतं. पण वर गार आहे म्हणून टोपी विसरू नका. जसजसं उंच जावं तसे अतिनील किरण वाढतात, हजार मीटरला साधारण दहा टक्के, आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. दुपारच्या गार हवेत घोड्यावर बसून फिरलेलं पोर संध्याकाळी नाकाचं साल निघालेलं परत येतं. पॉइंटवर हात धरून ठेवायचा, तो समुद्रापेक्षा घट्ट.

प्रश्न : कोकणातून आल्यापासून मुलाच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलंय. पावडर लावते, पण वाढतच चाललंय.
— एक आई, पलूस

उत्तर : पावडर बंद करा, म्हणून तर वाढतंय. घामाची तोंडं बुजल्यानं घामोळं येतं, त्यावर पावडरीचा आणि खोबरेल तेलाचा थर देऊन ती आणखी बुजतात. पावडर उडून बाळाच्या श्वासात जाते ते वेगळंच. दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं अंघोळ, साबण एकदाच, अंग टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. सुती बंडी, आणि घरात असताना तीही काढलीत तर चालेल. खाज फार असेल तर कॅलामाईन लोशन. नखं कापा. चार-पाच दिवसांत बसतं. पुटकुळ्यांत पू दिसला किंवा ताप आला तर मात्र दाखवून जा.